बारा खोटे मासे

३ एप्रिल

चि. बेडकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. चाळीस फूट पाण्याखाली जाऊन धरणाच्या जाळीतला गाळ हातांनी काढतेस हे वाचल्यापासून तुझ्या काकूने माझ्याशी अबोला धरला होता, तो आज सुटला. तुला पोहायला मी शिकवलं हा माझा गुन्हा. या घरात काहीही बिघडलं की त्याचं मूळ माझ्यापाशी निघतं, हे तुला नवीन नाही.

आता माझी रड ऐक. आयुष्यभर लोकांसाठी खोटे दात केले, निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी खोटे मासे केले. मोजून बारा. लाकडाचे, बोटाएवढे, पोटाखाली गळ आणि पोटावर नंबर, कवळीच्या साच्यावर घालायचो तसा. दोरीला बांधून फेकायचा, हळूहळू ओढायचा आणि खऱ्या माशाने फसून तो गिळायचा, अशी योजना. खरे मासे फसत नाहीत ही गोष्ट वेगळी. दोन वर्षांत चार लागले, त्यांतला एक आधीच मेलेला होता.

पण आपल्या धक्क्यापाशी पाण्याखाली जुना तराफा बुडालेला आहे. माझा मासा फेकला की तडक त्याच्यात जाऊन अडकतो. डिसेंबरात असाच अडकलेला पाच नंबर सोडवायला वाकलो आणि मासा राहिला बाजूला, मीच आत गेलो. पुढचं तुला ठाऊक आहे. दवाखान्यातून घरी आलो त्याच दिवशी काकूने हमीपत्र लिहून माझी सही घेतली. ते फ्रीजच्या दारावर लावलंय, येणारे-जाणारे वाचतात. मी पाण्यात उतरणार नाही, धक्क्यावरून वाकणार नाही, नवा मासा करणार किंवा आणणार नाही आणि आहेत ते संपले की गळाची काठी अडगळीच्या खोलीत जाईल, ती कायमची.

आज सकाळी पाचवा गेला. सात उरले. या वेगाने वर्ष संपायच्या आत माझं दुकान बंद. त्या पाण्याशिवाय मला सकाळ नाही गं. घरात बसलो की माझं काय होतं ते तू जानेवारीत पाहिलंस.

हमीपत्र मी तीनदा वाचलं. तू पाण्यात उतरू नयेस असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. तेव्हा एखाद्या रविवारी तुझी ती नळकांडी घेऊन ये आणि माझी लेकरं वर काढून दे.

कळावे. लोभ तर आहेच, तो घेऊन लवकर ये.
तुझा काका

---

९ एप्रिल

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून एवढं हसले की साहेबांनी बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. मी ठीक आहे म्हटलं. खोटं बोलले.

काका, मी येणार नाही. एक तर सुटीच्या दिवशी एकटीने पाण्यात उतरले तर माझी नोकरी जाईल. दुसरं म्हणजे काकू तुमच्यापेक्षा हुशार आहे. फ्रीजवरच्या कागदात माझं नाव नाही, कारण माझ्याकडून तिने वेगळा कागद लिहून घेतलाय.

पण न वाकता मासा सोडवता येतो, ते शिकवते. अडकला की हिसका देऊ नका. तुम्ही नक्की हिसका देता, मी ओळखते तुम्हाला. दोरी सैल सोडा, धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला जा आणि उलट दिशेने ओढून बघा. नाही जमलं तर एखादी जड कडी दोरीत ओवून खाली सोडा. ती घसरत जाऊन माशाच्या नाकावर आदळते आणि गळ सुटतो. कडी नसेल तर जुनं कुलूप चालेल. त्या कुलपाला दुसरी दोरी बांधायला मात्र विसरू नका, नाहीतर मासाही जाईल आणि कुलूपही.

छातीची गोळी वेळेवर घ्या. काकूला नमस्कार.

कळावे. असाच लोभ ठेवा, फक्त धक्क्यावर उभे राहून ठेवा.
तुमची बेडकी

---

२४ एप्रिल

चि. बेडकीस,
अ. उ. आ.

मासाही गेला आणि कुलूपही.

दुसरी दोरी बांधायची विसरलो. अडगळीच्या खोलीचं ते मुठीएवढं लोखंडी कुलूप सात नंबरच्या दोरीत ओवलं, सोडलं, ते खाली जाऊन ठणकन आपटलं, मला आनंद झाला, आनंदाच्या भरात हिसका दिला आणि दोरी तुटली. हे मागच्या सोमवारी. डोळ्यांनी पाहिलं, हातांनी केलं. घरी येऊन जेवताना काकूला सांगितलंसुद्धा, फक्त कुलपाचं तेवढं गाळलं. ती हल्ली माझ्या मासेमारीत फार रस घेते. कुठे अडकला, कितव्या खांबापाशी, डावीकडे की उजवीकडे, सगळं विचारते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा बाई माझं ऐकून घेतेय, म्हणून मीही जेवण गार होईपर्यंत सांगत बसतो.

आता नीट वाच. बुधवारी डबी उघडली तर सात नंबर आत. कोरडा, पुसलेला, आपल्या खाचेत झोपलेला. मी खोलीकडे धावलो. कुलूप दाराला लटकलेलं.

हे पहिल्यांदा नाही. मार्चमध्ये नऊ नंबर हरवला असं मला वाटत होतं आणि तो डबीत सापडला. तेव्हा मी म्हटलं, चुकून वाटलं असेल. पण कुलूप? कुलपाचा आवाज अजून माझ्या कानात आहे, बेडकी.

माझे वडील शेवटी शेवटी असेच झाले होते. जेवून उठायचे आणि जेवायला वाढा म्हणायचे. मी रोज सकाळी दाढी करताना मागच्या दहा गिऱ्हाइकांच्या कवळ्या मनात आठवून बघतो. आठ आठवतात. दोन सुटतात. काकूला यातलं काही बोललो नाही. तिच्या मागे शिवणाचा ढीग आहे, शाळेचे गणवेश आलेत. त्यात तिचीही तब्येत मला बरी दिसत नाही. दुपारी घामाघूम झालेली असते आणि विचारलं तर जळमटं काढत होते म्हणते. ओला करून ठेवलेला बांबू न्हाणीघरात उभा असतो. एवढी काढते तरी जळमटं आहेत तिथेच आहेत.

मी ठरवलंय. मनाचा भरवसा उरला नसेल तर पाण्याच्या काठी उभं राहण्यात अर्थ नाही. महिनाअखेर मी आपणहून काठी ठेवून देणार. हमीपत्राची वाट बघणार नाही.

कळावे. मी तुला विसरेपर्यंत लोभ पक्का समज.
तुझा काका

---

२९ एप्रिल

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

हे पत्र काकांना दाखवू नकोस.

काकांना वाटतंय की त्यांना विसरायला होतं. हरवलेला मासा डबीत सापडतो, पाण्यात पडलेलं कुलूप दाराला दिसतं. आपल्या वडिलांसारखं आपलंही होतंय म्हणून ते घाबरलेत. काल आलेल्या पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात पहिल्यांदाच त्यांनी एकही टिंगल केली नाही, आणि तो वाचून मला रडू आलं. महिनाअखेर काठी ठेवून देणार म्हणतात.

तुला काही जाणवलंय का? त्यांना डॉक्टरांकडे न्यायचं तर मी दोन दिवस रजा काढून येते. आणि काकू, विचारू नये पण विचारते. जळमटं काढायचा बांबू ओला कशाला करावा लागतो?

कळावे. उत्तर उलटटपाली आलं तर लोभ दुप्पट होईल.
तुझी बेडकी

---

४ मे

चि. बेडकीस,
अ. आ.

तू पाण्याखाली बघून बघून फारच शहाणी झालीस. तर ऐक.

जानेवारीत हे दवाखान्यातून येऊन घरी बसले. पहिल्या आठवड्यात माझ्या सगळ्या बरण्यांवर नंबर घातले. दुसऱ्या आठवड्यात दूध उतू जायला किती मिनिटं लागतात त्याची वही केली. मी ते सोसलं. तिसऱ्या आठवड्यात बोलायचेच थांबले. खुर्ची खिडकीत, नजर पाण्यावर, आणि विचारावं त्याचं उत्तर एका शब्दात. तेव्हा मीच म्हटलं, जा बाई एकदाचे धक्क्यावर. पण मासे संपले की पुन्हा ती खुर्ची येणार, हे मला दिसत होतं.

हमीपत्र काढून टाकायचं म्हणशील तर ते मला जमणार नाही. यांना वर ओढलं तेव्हा ओठ निळे पडले होते. मी त्यांची एक चप्पल हातात घेऊन उभी होते, दुसरी तरंगत लांब चालली होती. मला तेव्हा वाटलं, झालं, संपलं आपलं. तो कागद फ्रीजवर आहे म्हणून मला झोप लागते.

म्हणून मी दुसरी वाट काढली. हे दुपारी एक ते तीन घोरतात. जळमटांच्या बांबूला माझं टाचण्या वेचायचं लोहचुंबक बांधते आणि धक्क्यावर जाते. लोखंडाचा गळ चुंबकाला चिकटतो, बांबू पोचेल तिथला मासा अर्ध्या तासात वर. कुठे अडकलाय ते जेवताना यांच्याकडूनच काढून घेतलेलं असतं. कुलूप निघालं तेव्हा मला हसू आवरेना. गडबडीत ते जागच्या जागी लावून टाकलं. मी काही माणसाला वेड लावायला निघाले नव्हते. यांना वाटावं की आपण मोजायला चुकलो, एवढंच मनात होतं. ते वडिलांपर्यंत पोचतील हे ध्यानातच आलं नाही. तुझं पत्र वाचून मला माझीच लाज वाटली.

डॉक्टर नको. यांना सगळं आठवतं, माझं चाळीस वर्षांपूर्वीचं भांडणसुद्धा शब्दाशब्दाने आठवतं. मी तोंडाने काही कबूल करणार नाही. कबूल केलं तर उद्यापासून मासे मुठी-मुठीने फेकतील. पण यांना उमजेल असं काहीतरी शिवते. तोवर तू गप्प राहा. तुझ्या काकाला यातलं अक्षर कळता कामा नये.

कळावे. लोभाचं मी बघते, तू जेवणाचं बघ, वाळलीस म्हणे.
तुझी काकू

---

१५ मे

चि. बेडकीस,
अ. उ. आ.

काठी ठेवलेली नाही. महिनाअखेरीला आणखी एक आठवडा म्हणत पुढे ढकलली, आणि आता तर ठेवणारच नाही. कारण सांगतो.

गेल्या सोमवारी डबी उघडली तर आत एक मासा जास्त. बुचाच्या तुकड्यावर गणवेशाचं निळं कापड ताणून शिवलेलं, डोळ्यांना शर्टाची दोन बटणं, आणि पोटावर लाल दोऱ्याने आकडा घातलेला, तेरा. बेडकी, मी मासे बाराच केले. साठाव्या वर्षी केले, ऐंशीव्या वर्षीही मला बाराच आठवतील. आणि लाल दोऱ्याचा तो तिरपा टाका मी माझ्या बनियनवर चाळीस वर्षं बघतोय.

त्या दुपारी मी घोरण्याचं सोंग केलं आणि ती बांबू घेऊन निघाली तशी मागोमाग गेलो. धक्क्यावरच्या होडीच्या तिकिटांच्या बंद खोलीआडून पाहिलं. धक्क्याच्या कडेला तिच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या. मग ती दिसली. गोणपाट अंथरून पालथी पडलेली, अर्धी धक्क्याबाहेर, हातातला बांबू पुरत नाही म्हणून आणखी पुढे सरकत होती. माझ्या अकरा नंबरसाठी. हाक मारली असती तर दचकून पडली असती, म्हणून श्वास धरून उभा राहिलो. ती उठून बसेपर्यंत जो वेळ गेला तेवढ्यात मला ते हमीपत्र अक्षरन् अक्षर समजलं. ती चपला घालेपर्यंत मी घरी पळालो आणि पुन्हा घोरायला लागलो. जरा जास्तच घोरलो असेन, कारण तिने येऊन नाक दाबलं.

बोललो काहीच नाही. तिला कळलं की मला कळलंय, तर ती थांबेल, आणि मग दुपारी तिला दुसरं काय सुचेल सांगता येत नाही. तेरा नंबर बादलीत सोडून पाहिला. उताणा पडतो. तसाही तो पाण्यात टाकणार नाही. चष्म्याच्या घरात ठेवलाय.

तुला दोन कामं. एक, तुमच्याकडचं तरंगतं जाकीट तिच्या मापाचं पाठव. कशासाठी ते लिहू नकोस, सरकारी वाटपात आलं म्हण. दोन, तुझ्या काकूला यातलं अक्षर कळता कामा नये.

मी गुरुवारपासून मासा लांब फेकायचं सोडलं. बांबू मोजून पाहिला, चुंबकासकट नऊ फूट भरतो. त्याच्या आत, पहिल्या खांबापाशी, घोटाभर पाण्यात टाकतो, म्हणजे तिला उभ्या उभ्या काढता येईल. तिथे मासे येत नाहीत. लांब तरी कुठे येत होते.

कळावे. लोभ नऊ फुटांच्या आत ठेवलाय, हात घातला की लागेल.
तुझा काका