तुझ्या पातेल्यातला कार्बोरेटर

आई,

तुझ्या दुधाच्या पातेल्यात सध्या रॉकेल असतं आणि रॉकेलात कार्बोरेटर. दर आठवड्यासारखी शनिवारी शाळा सुटल्यावर मी जालन्याहून अंबडला आले, चहा टाकायला म्हणून ते पातेलं उचललं आणि वासानं ते हातभर लांब धरलं. ओट्यावर इंजिन उघडून पडलेलं, परातीत चेन, चमच्यांच्या डब्यात नटबोल्ट. अण्णा खाली पाटावर बसून माझ्या टूथब्रशनं कसलंसं भोक घासत होते. तो माझा ब्रश आहे म्हटलं, तर म्हणाले, जुना दिसला म्हणून घेतला. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण मला लगेच तुझी आठवण झाली. या घरात ज्यांना किळस यायची अशी माणसं दोनच होती, तू आणि मी.

हो, तीच गाडी. मी तिसरीत असताना, एक्क्याऐंशी साली, अण्णांनी एका चांगल्या मोटारसायकलचा दिवा काढला, मडगार्ड उंच बसवलं, सायलेन्सर मांडीजवळून वर नेला, खाचांचे टायर चढवले आणि मातीच्या ढिगाऱ्यांवरून उड्या मारायच्या शर्यतीला घेऊन गेले. दिवसभर लोकांचे ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस रविवारी तोंडात माती भरून घरी यायचा. गुडघ्यात रुतलेले खडे तू सुईनं काढायचीस आणि मला दिवा धरायला सांगायचीस. पू पाहून मला उलटी यायची. तुलाही येत असणार, पण तू ओठ दाबून सुई चालवायचीस. एकदाही ते पहिले आले नाहीत, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं.

तू गेल्यावर गाडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली, ताडपत्रीखाली. तिच्या सीटवर शेजारणीच्या कोंबड्या अंडी घालत. यंदा औरंगाबादची कोणी हौशी मंडळी घरी आली, त्यांना म्हणे जुन्या शर्यतीच्या गाड्या लोकांना चालवून दाखवायच्या आहेत. झालं. अण्णांनी ताडपत्री काढली. सायलेन्सरमधून उंदराचं घरटं निघालं, केस, चिंध्या, वाळलेली पिल्लं. एअर फिल्टरच्या डब्यात पालीची अंडी. टाकीतलं पेट्रोल कुजून त्याचा चिकट डिंक झालेला, आणि तो डिंक ते नखानं खरवडून नाकाशी नेऊन हुंगतात. त्याच हातानं भाकरी मोडतात. मी साबण पुढे केला तर हसले. मला हसू येत नाही. कालवणाला जळक्या ऑइलचा वास येतो, उशीला येतो, माझ्या शाळेच्या साडीलाही येतो. सोमवारी वर्गात मुली नाक चोळतात आणि मी खिडक्या उघडायला सांगते.

तुला आठवत असेल, दवाखान्यात तू मला जवळ बोलावलं होतंस. अण्णा औषधं आणायला खाली गेले होते. मी शाळेच्याच कपड्यांत होते. तू म्हणालीस, "मी गेल्यावर ते धूड भंगारात दे बाई. त्यांचं काई ऐकू नको." दुसरं काही सांगितलं नाहीस. अभ्यास कर असं नाही, अण्णांकडे बघ असंही नाही. पुढं तुला बोलता आलं नाही, म्हणून माझ्याकडे तुझं शेवटचं बोलणं आहे ते एवढंच. ते मी कुणाला सांगितलं नाही आणि पाळलंही नाही, कारण नजरेआड होतं तोवर ते धूड मला सहन होत होतं. आता ते तुझ्या ओट्यावर चढलं तेव्हा मी ठरवलं की बास. शनिवारीच भंगारवाल्याला गाठलं आणि रविवारी दुपारी हातगाडी घेऊन ये म्हणून सांगितलं. इंजिन उघडलेलं आहे, गाडी कुठं पळून जाणार नाही. अण्णांना काही बोलले नाही.

रविवारी सकाळी फ्रीज उघडला तर बर्फाच्या कप्प्यात, दुधाच्या पिशवीला टेकून, प्लास्टिकच्या पिशवीत बेरिंग. ग्रीस लागलेलं. माझ्या तोंडून काय काय निघालं ते लिहीत नाही. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग मलाच काम सांगितलं. इंजिनाचा ॲल्युमिनियमचा अर्धा भाग गॅसवर तापवायचा म्हणजे त्यातलं भोक जरासं मोठं होतं, आणि गार केलेलं बेरिंग त्यात सरळ सोडायचं. एकानं सांडशीनं तापलेला भाग धरायचा, दुसऱ्यानं बेरिंग सोडायचं. जरा तिरकं गेलं की अडकलं. अण्णांच्या उजव्या हाताला आता कंप आहे. आठवडाभर ते एकटेच करून पाहत होते आणि दर वेळी अडकलेलं ठोकून काढत होते. ते बसलं नाही तर पुढचं काहीच बसत नाही. "जल्दी व्हतं माय, एका मिनिटाचं काम हे," म्हणाले.

मी सरळ नाही म्हटलं. आईला ज्या गोष्टीची जन्मभर शिसारी होती तिला मी हात लावणार नाही, असंही म्हटलं. त्यांना लागावं म्हणूनच म्हटलं.

त्यांनी फ्रीजचं दार लावलं. मग म्हणाले, "शिसारी व्हती, खरंय. पर मागल्या बारीला इंजन खोललं व्हतं, तं बेरिंग तिनंच सोडलं. नाकाला पदर लावून. माह्याकडून बराबर बसंना, तर मला म्हणली, सरका, तुमाला तवा तापल्याला कळत न्हाई."

आई, मला तो दिवस आठवतो. चुलीवरून तवा उतरलेला, घरभर निळा धूर, आणि तू मला घाईनं काकूकडे ताक आणायला पाठवलंस. परत येते तर तू अंगणात बसून राखेनं हात घासतेयस, कोपरापर्यंत काळी. मी काही विचारायच्या आत म्हणालीस, या माणसानं माझ्या घराचं गॅरेज केलं. मी ताकाचं गाडगं हातात धरून तशीच उभी आणि त्या क्षणापासून तुझ्या बाजूची. मी काय काय केलं नाही तुझ्या बाजूनं. अण्णांशी दहा-दहा दिवस बोलले नाही, ती गाडी बघायला आलेल्या त्यांच्या मित्रांना पाणी विचारलं नाही, शेडकडे कधी फिरकले नाही. आणि तू ताक आणायला पाठवून मला बाहेर काढलंस, बेरिंग बसवलंस आणि हात धुतलेस. खरं सांगते, रविवारी ओट्यापाशी उभी असताना मला अण्णांची नाही, तुझी किळस आली. माझी समजूत होती की आपण दोघी एका बाजूला आहोत. तू तर दोन्हीकडे होतीस आणि मी एकटीच चिडून बसले होते.

रागारागातच मी पदर खोचला. गॅस पेटवला, तो तेलकट भाग ठेवला. धूर निघाला, डोळे चुरचुरले, तोंडाला कडू पाणी सुटलं. अण्णा म्हणाले आता. मी म्हटलं अजून नाही. हात ओला करून थेंब शिंपडले, ते नुसते चुरचुरून बसले. थोड्या वेळानं पुन्हा शिंपडले. आता थेंब टणाटण उडाले, भाकरीच्या तव्यावर उडतात तसे. मी म्हटलं, धरा. त्यांनी सांडशीनं तो भाग फळीवर घेतला, मी फ्रीजमधून काढलेलं बेरिंग दोन बोटांत धरून सरळ सोडलं. ते आपल्या आपण खाली गेलं, टक्‌ असा बारीक आवाज झाला. ठोकावं लागलं नाही. बोटांना काळं, घट्ट, घाणेरडं ग्रीस. मी तिथेच बेसिनमध्ये ओकले.

तोंड धुऊन वळले तर अण्णा फळीपाशीच बसलेले. बेरिंगकडे बघत नव्हते. मला वाटलं शाबासकी देतील, तर त्यांनी विचारलं, "दवाखान्यात ती तुह्याशी बोलली व्हती ना? या गाडीचं काई म्हणली का गं? मी लई दिवसांपासून इचारीन म्हणून राह्यलो."

उत्तर माझ्या ओठांवर होतं. इतकी वर्षं ते पाठ होतं. त्यांचा उजवा हात मांडीवर हलत होता आणि त्यांनी तो डाव्या हातानं दाबून धरला होता. मी म्हटलं, हो, म्हणाली, अण्णांना एकदा ती गाडी पुन्हा चालू करू दे.

त्यांनी नुसती मान हलवली आणि काळ्या हाताच्या पालथ्या बाजूनं नाक पुसलं. दुपारी भंगारवाला आला, त्याला मी दोन फुटक्या बादल्या आणि गंजलेला पंखा देऊन वाटेला लावलं. तो कुरकुरला, एवढ्यासाठी हातगाडी आणवली म्हणाला. अण्णा आत चेन धूत होते, तुझ्याच परातीत.

मला अजून घाण वाटतं सगळं. येत्या शनिवारी नवीन पातेलं घेऊन जाणार आहे, ते जुनं आता कुणाच्याच कामाचं नाही. घरी लिहिलं असतं तर चष्मा शोधताना अण्णांच्या हाती लागलं असतं, म्हणून हे पत्र मधल्या सुट्टीत शाळेत बसून लिहितेय, आणि घंटा झाली की इथेच फाडून टाकणार आहे. तुझं शेवटचं बोलणं मी बदललं, आई. ते ऐकणारी मी एकटीच होते, म्हणून फार सोपं गेलं.