शोभेच्या वाटाण्याची पाणीपाळी

मी ग्यानबा पि. सखाराम बोखारे, वय ७४ वर्षे, धंदा पूर्वी पाटकरी, हल्ली फुलांच्या वेलांना पाणी घालणे, रा. हट्टा, ता. वसमत, जि. हिंगोली, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. लिहिताना मी नशापाणी केलेले नाही, मला कोणी धमकावलेले नाही, आणि माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. ऐश्वर्या खिल्लारे यांनी दिला आहे. "काका, आज वार कोणता?" असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "सोमवार. म्हंजी येलाला पाणी घालायचा वार." तेवढ्यावर दाखला मिळाला.

पाटकरी म्हणजे कालव्याचे पाणी कोणाच्या शेतात कधी आणि किती तास सोडायचे ते सांभाळणारा माणूस. बत्तीस वर्षे मी ते काम केले आणि कोणालाही पाळी मोडू दिली नाही. सासऱ्यांनाही नाही. त्यानंतर सासरे आमच्या घरी कधी जेवले नाहीत, पण त्यांच्या शेजाऱ्याचा गहू बराबर पिकला.

कलम १. घर. माझे हट्ट्याचे तीन खोल्यांचे घर मुलगा शिवशंकर, रा. हिंगोली, याला द्यावे. अट अशी की पूर्वेच्या भिंतीपासून दोन हात जागेत दसऱ्यापासून होळीपर्यंत त्याची चारचाकी किंवा सूनबाईचे वॉशिंग मशीन उभे करू नये. तेथे सुतळीच्या अकरा दोऱ्यांवर शोभेचा वाटाणा चढतो. बियांच्या पाकिटावर स्वीट पी असे छापले होते. शेजारी गोकर्ण आणि मधुमालतीही आहेत, पण त्यांना कोणी विचारले नाही तरी त्या मरत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळे कलम केलेले नाही.

शिवशंकरची हरकत मी नोंदवून घेतली आहे. तो म्हणाला, "बाबा, काहून एवढी तकलीफ घेऊन राहिले? हे वाटाणे खाताबी येत न्हाईत." हे वाक्य त्याने कोणाचे उचलले ते कलम ६ मध्ये येईल. अट मोडल्यास घर मुलगी मंजुषा हिला जाईल. तिनेही मोडल्यास शेजारी देविदास याला जाईल आणि तो तेथे शेळ्या बांधील. ही धमकीच समजावी.

कलम २. बँकेतील रक्कम दोन्ही लेकरांनी निम्मी निम्मी घ्यावी. भांडण्याइतकी ती नाही.

कलम ३. हत्यारे. सायकल आणि छत्री मंजुषाला. कालव्याचे गेट फिरवायचा लोखंडी हँडल निवृत्तीच्या दिवशी जमा करायला मी विसरलो असे आजवर सांगत आलो. विसरलो नव्हतो. तो खात्याला परत करावा, आणि कोणी काही विचारल्यास मी वारलो असे सांगावे.

कलम ४. पाणी. शोभेच्या वाटाण्याला तीन पाळ्या राहतील. सोमवार शिवशंकर, गुरुवार देविदास, शनिवार मंजुषा. ती औंढ्याहून एसटीने येईल. पाणी सकाळी, मुळाशी, तांब्याने घालावे. पानांवर शिंपडल्यास पाळी धरली जाणार नाही. कालव्याच्या नियमाप्रमाणे सुरुवात शेवटच्या टोकाकडून करावी, म्हणजे अकराव्या दोरीला आधी आणि नळाजवळच्या पहिल्या दोरीला शेवटी. एखाद्याची पाळी चुकली तर पुढच्याने दुप्पट पाणी ओतून पुण्य कमावू नये, मुळे कुजतात. फुले रोज तोडावीत. शेंगा धरू दिल्या तर वेल फुलायचा थांबतो. बियाण्यासाठी फक्त अकरावी दोरी राखावी.

कलम ५. देविदास. सन २००४ च्या महाशिवरात्रीचा उपास सोडताना देविदासने भिंतीवरून हात घालून शोभेच्या वाटाण्याच्या शेंगा तोडल्या आणि त्यांची उसळ केली. या शेंगा विषारी असतात. तो दोन दिवस अंथरुणात होता. उठल्यावर म्हणाला, "पाटी लावायची न्हाई का?" मी म्हणालो, "चोरासाठी पाटी?" त्यावर आमचे बोलणे अठरा वर्षे बंद राहिले.

माझी पत्नी चतुराबाई वारल्यावर, त्याच हिवाळ्यात, मी आठ दिवस मंजुषाकडे जाऊन राहिलो. वेल गेले असतील असे धरूनच परत आलो. वेल हिरवेगार होते आणि मातीवर देविदासच्या पाइपाची ओल होती. विनापरवाना पाणी सापडल्यास पंचनामा करावा असा नियम आहे, म्हणून मी पंचनामा केला. पाणी चोरल्याचे मी शेकडो पंचनामे केले, पाणी दिल्याचा हा पहिलाच. देविदासने सही केली आणि म्हणाला, "वयनीचे येल हायेत. तुमचे असते तर वाळू दिले असते." त्या दिवशी आम्ही एकत्र चहा घेतला. गुरुवारची पाळी त्याला याच कारणाने दिली आहे.

कलम ६. चतुराबाई. हे कलम मी तीनदा फाडून लिहिले आहे. सन १९९६ मध्ये तिने पहिल्यांदा हे बी पेरले. कालव्याची चारी आमच्या घरामागून वाहते. ती म्हणाली, "साऱ्या तालुक्याला पाणी देऊन राहिले, माझ्या चार येलाला दोन बादल्या न्हाई का?" मी म्हणालो, "फुलं पिकाच्या यादीत न्हाईत. नियमात बसत न्हाई." ती म्हणाली, "व्हय? मंग अर्ज करते."

तिने खरोखर अर्ज केला. पाण्याचा अर्ज नमुना सातवर करतात. तो तिने माझ्याच पिशवीतून घेतला. पीक: वाटाणा, शोभेचा. क्षेत्र: दोन हात गुणिले बारा हात. अर्जदार: चतुराबाई भ्र. ग्यानबा बोखारे. मी त्यावर लाल शाईने लिहिले, "खाता येत नाही. नामंजूर," आणि खाली सही करून तारीख टाकली, १२ डिसेंबर १९९६. मला तो विनोद वाटला होता. तिने पुन्हा कधी पाणी मागितले नाही. भांडी विसळलेले पाणी घालून तिने ते वेल पंचवीस हिवाळे जगवले.

ती गेली त्या वर्षी दसऱ्यानंतर मी बियाण्याची बरणी उघडली. बी एका कागदाच्या पुडीत होते. ती पुडी म्हणजे तो अर्ज होता. दर वर्षी तो उलगडून तिने बी काढले, आणि होळीनंतर नवे बी त्यातच बांधून ठेवले. घड्यांवर कागद विरला आहे. माझी सही मात्र शाबूत आहे. मला फार लाज वाटली, अजून वाटते.

मी नियम पुन्हा वाचले. अर्ज नामंजूर करण्याचा अधिकार शाखाधिकाऱ्यांचा असतो, पाटकऱ्याचा नाही. सबब माझा शेरा पहिल्या दिवसापासून बेकायदा होता आणि अर्ज अठ्ठावीस वर्षे प्रलंबित आहे. मंजूर करण्याचाही अधिकार मला तेव्हा नव्हता. पण मृत्युपत्रात जे माझे आहे ते द्यायला मला कोणाची परवानगी लागत नाही. म्हणून लाल शेऱ्याखाली आज निळ्या शाईने लिहिले आहे: अर्ज मंजूर. पाणी कायम.

बी दुसऱ्या कागदात बांधावे. मूळ अर्ज सरणावर ठेवण्यापूर्वी माझ्या सदऱ्याच्या खिशात घालावा. मंजुरी अर्जदारास समक्ष कळवण्याची जबाबदारी मी स्वतःकडे ठेवली आहे. ती कोणत्याही वारसाकडे जात नाही.

ठिकाण: हट्टा
दिनांक: ३ फेब्रुवारी २०२५, सकाळी, पाणी घालून झाल्यावर

(सही) ग्यानबा सखाराम बोखारे

साक्षीदार:
१. (सही) डॉ. ऐश्वर्या धम्मानंद खिल्लारे
२. (सही) देविदास संतराम कऱ्हाळे. ज्याला काही मिळते त्याने साक्ष देऊ नये, असे वकील म्हणाले. पाणी घालणे ही मिळकत नसून तकलीफ आहे, असे देविदासचे म्हणणे आहे. ते ग्राह्य धरले.