व्याज तेवढंच आहे, आप्पा!

प्रिय आप्पा,

तुमच्या सरकारी बॉण्डचं व्याज आज पहिल्यांदाच आईच्या नावावर जमा झालं. बँकेचा मेसेज तिने मला पुन्हा पुन्हा वाचायला लावला! म्हटलं, ही बातमी तुम्हाला मीच कळवावी.

पण गेल्या आठवड्यात काय गोंधळ झाला होता! दीपकने मोबाइलवर बॉण्डचा भाव बघितला आणि अडाजणच्या त्याच्या घरून तडक नवागामला आईकडे आला. "ताई, शंभराचे ब्याण्णव झालेत! आणखी पडायच्या आत विकू. खोली भाड्याने देऊ, आईला मी घेऊन जातो." मायेनेच म्हणाला हो, पण आईचा चेहरा उतरला. तुमच्या माघारी आपल्या घरात, आपल्या पैशावर राहायचं, एवढंच तिचं मागणं आहे.

गल्लीभर व्याजदर समजावत फिरलात, आणि घरच्या बाईला कसं नाही सांगितलंत? दिव्याखाली अंधार!

मग मीच बसले. म्हटलं, आई, आपल्या शंभराच्या बॉण्डवर वर्षाला सात रुपये ठरलेत, ते बदलत नाहीत. आता नवे बॉण्ड आठ रुपये देतात. मग आपला जुना पूर्ण शंभराला कोण घेईल? म्हणून बाजारात दर चढला की जुन्याचा भाव उतरतो, दर उतरला की भाव चढतो. पण हा भाव विकणाऱ्यासाठी. मुदत संपेपर्यंत ठेवला, तर शंभराचे शंभर परत.

तरी तिला पटेना! शेवटी तिच्या लिलावाच्या भिशीचं उदाहरण दिलं, कमी रकमेची बोली लावून आधी पैसे उचलतात ना, तिचं. तशी खुलली.

"मंग आसं सांग ना! ज्याले घाई ऱ्हास तो कमीमा उचलस. जो थांबस त्याले पुरं भेटस. माले कोठे घाई शे?"

दीपक हसायलाच लागला. "बस, आई, नथी वेचवुं! नाही विकायचं!" म्हणाला आणि तिच्या हातची कळण्याची भाकरी खाऊन गेला. तुम्ही हवे होतात, आप्पा. फार आठवण आली.

आईने आजच्या व्याजातून काय केलं सांगू? दारासाठी नवी पाटी करायला टाकली. वर तुमचं नाव, खाली तिचं. मुदत संपेपर्यंत त्या बॉण्डला कुणी हात लावणार नाही, आणि त्या दाराची किल्ली आईच्याच कमरेला राहील. हा माझा शब्द.

तुमची लाडकी,
मंगल