दुसरी फेरी

केदारखेडा,
९ फेब्रुवारी

प्रिय तौफिक,

तुझा पुण्याचा पत्ता तुझ्या अम्मींकडून, बदरुन्निसाबाईंकडून घेतला. त्यांनी मला आत बसवून चहा दिला. माझ्या निखिलच्या दहाव्याला त्या आमच्याकडे आल्या होत्या, तेव्हा तुझ्या मुकुंदकाकांनी त्यांना अंगणातूनच परत पाठवलं. मी आत ऐकत होते, उठले नाही. तू आता कुबड्यांशिवाय थोडं चालतोस, पण कोणी ताट वाढलं तरच जेवतोस, असं त्या म्हणाल्या.

तीस वर्षं मी चौथीच्या वर्गाला लोणारचं सरोवर शिकवलं. फळ्यावर गोल काढायचा आणि उल्का पडल्याचं सांगायचं. स्वतः कधी पाहिलं नाही. त्या रविवारी, तू ज्यांच्याकडे वैमानिक होतास त्या शेठजींनी त्यांचं छोटं विमान तुला दिलं आणि तू निखिलला संभाजीनगरहून लोणार दाखवायला नेलंस. वरून त्यानं फोटो पाठवला, भोवती हिरवं रान आणि मधे गोल पाणी. मग फोन करून ओरडून सांगितलं, "आई, परातीत पाणी ओतून ठेवल्यागत दिसून राह्यलं." शाळेपासून तुम्ही दोघं आकाशाच्या गोष्टी करायचात. त्यातली एक तरी खरी झाली, असं मला वाटलं.

पुढचं गावाला माहीत आहे ते असं, की गावावर मिरवायला तौफिकनं विमान खाली आणलं, पंख तारेला लागला आणि निखिल गेला. तूही चौकशीत तेच लिहून दिलंस, "मी माझ्या मनानं खाली आलो." तुझ्या काकांनी पोलिसांत तक्रार दिली, तुझं लायसन गेलं. तुझ्या अब्बांच्या, महेमूदभाईंच्या शिलाईच्या दुकानात लोक जाईनासे झाले. तुमच्या जातीवरून लोक काय काय बोलले, ते मी इथे लिहीत नाही. माझ्यासमोर बोलले आणि मी ऐकून घेतलं.

तू चौकशीत लिहून दिलेलं ते एक वाक्य खोटं आहे, हे दोघांनाच ठाऊक आहे, तुला आणि मला.

गावावरून एक फेरी मारा, असं मीच सकाळी निखिलला सांगितलं होतं. त्यासाठी छतावर उभी होते. पहिल्या फेरीला विमान उंच होतं, खिडकी नुसती ठिपक्याएवढी. मी निखिलला फोन लावला. म्हटलं, तुझं तोंड दिसलं न्हाई, तौफिकला म्हण जरा खाली घे. मागून तुझा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "नको काकू, पुलाजवळ तारा हायेत." आणि मी म्हणाले, "एकदाच. माझ्यासाठी."

दुसऱ्या फेरीला मला त्याचं तोंड दिसलं. तो हसत होता. मग विमान पूर्णेपलीकडच्या तुरीत पडलं. मी धावत गेले, पण बायांनी मला बांधावरच धरून ठेवलं.

त्याच्या फोनचा चुराडा झाला होता. माझ्या फोनमधली त्या कॉलची नोंद मी दुसऱ्या दिवशी पुसली. लेक गमावलेल्या आईवर हेही नको, म्हणून तू गप्प राहिलास, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी तीन महिने मी तुला ते एकट्याला वाहू दिलं.

काल तुझ्या काकांना सगळं सांगितलं. ते उठून शेतात गेले. आज सकाळी भोकरदनला ठाण्यात जाऊन मी जबाब लिहून दिला आणि सही केली. तुला माफ केलं, असं मला म्हणवत नाही. विमान तुझ्या हातात होतं, तू तुझ्या ‘नको’वर ठाम राहायला हवं होतंस. पण ते खाली आलं माझ्या शब्दावर. आता तुला विचारतील, काकूंनी सांगितलं होतं का. पुन्हा मला झाकू नकोस, बेटा. हो म्हण. एवढं सांगण्यासाठीच लिहायला बसले.

तुझीच,
शैलाकाकू