धोका कुणी घ्यायचा

प्रिय सलिल,

'प्रिय' लिहिलं आणि खोडावंसं वाटलं. पण तो शब्द खोटा नाही, म्हणून राहू दिला. पुढचं सगळं रागात लिहिलेलं आहे, तेव्हा बसून वाच. बेंगळुरूला मिळालेला तो पुरस्कार आधी कुठे ठेवायचा ते ठरव, म्हणजे हात मोकळे होतील.

तुझं तिथलं भाषण काल मी मोबाइलवर पूर्ण ऐकलं. छान बोललास, तू नेहमीच छान बोलतोस. "परवानगीची वाट पाहणारे नोकरी करतात, उद्योजक आधी उडी मारतो," या वाक्याला टाळ्या पडल्या. मग बुधवार पेठेतलं तुझ्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आलं, त्यात बसायला तू दिलेला नकार आला, आणि चांगली नोकरी सोडून गिर्यारोहकांसाठी हार्नेस, म्हणजे दोराला अडकवायचे पट्टे, शिवायला निघालेला एकटा वेडा तरुण आला. एकटा. मी मागे जाऊन ते पुन्हा ऐकलं. सलिल, ते शिलाई मशीन कर्वेनगरला आमच्या बाहेरच्या खोलीत होतं. त्याला जागा व्हावी म्हणून माझ्या बाबांनी स्वतःची खाट स्वयंपाकघरात नेली. कमरेच्या आणि मांड्यांच्या पट्ट्यांचे पहिले टाके मी घातले. शनिवार पेठेतल्या तुमच्या घरी मी सून म्हणून चालणार नव्हते, त्या सगळ्या काळात तू जेवायला आमच्याकडे होतास. हे व्यासपीठावर सांगायचं नसतं, मान्य. पण निदान 'एकटा' म्हणू नकोस.

तरी खरा राग त्याचा नाही. ते मी हसून सोडून दिलं असतं, इतकी वर्षं सोडत आलेच आहे.

आपला पहिला हार्नेस तयार झाला तेव्हा एक ट्रेकिंगवाला तो लगेच घेऊन जायला आला होता. तू दिला नाहीस. "आधी मी लटकणार, मग गिऱ्हाईक," म्हणालास, आणि सिंहगडाच्या मागच्या कड्यावरून खाली उतरलास. खाली दोर धरायला माझे बाबा होते. आयुष्यभर टपाल वाटलेला माणूस, दोराला पहिल्यांदाच हात लावत होता. मला तर वर बघवत नव्हतं आणि तू मधेच थांबून, पाय सोडून, गाणी म्हणत होतास. घरी येताना बाबा मला म्हणाले, "मुलगा वेडा आहे. पण दुसऱ्याच्या लेकराला आधी पुढे करत नाही. याच्याशी लग्न करायला माझी हरकत नाही." तुझा धंद्याचा सगळा विचार एवढाच होता आणि मला तो पुरेसा वाटला. धोका आपण घ्यायचा, गिऱ्हाइकाने नाही. त्यानंतर प्रत्येक नवा नमुना तू आधी अंगावर घातलास. एकदा बरगडी मोडून घेतलीस आणि दवाखान्यात पडल्या पडल्या नवा पट्टा कागदावर काढून दाखवलास. मी चिडले होते, पण तुझा अभिमानही वाटला होता.

आणि आता या वर्षीचा तो हलका हार्नेस. धबधब्यांवरून दोराने उतरायचा हंगाम गाठायचा म्हणून घाईने काढलेला. धागा नवा होता. भिजल्यावर टाका किती ताण धरतो हे तपासायचं राहिलं आहे, तोवर एकही नग बाहेर पाठवू नकोस, हे मी भर मीटिंगमध्ये सांगितलं होतं. धबधब्यासाठीची वस्तू ओली करून पाहायची नाही, तर काय उन्हात वाळवून पाहायची? तू काय म्हणालास ते आठवतंय? "मैत्री पोस्टमनची मुलगी आहे. पोचपावती आल्याशिवाय तिला काही पटत नाही." सगळे हसले. नवे गुंतवणूकदार तर फारच हसले. तू स्वतः तो हार्नेस घातला नाहीस, कारण त्या आठवड्यात तुझी भाषणं होती. माल गेला.

स्वराली कोण हे तुला वकिलांच्या कागदावरून माहीत आहे. मी सांगते. कर्वेनगरच्या कॉलेजात तू बोलायला गेलास तेव्हा ती दुसऱ्या रांगेत बसली होती. तुझं ऐकून तिने धबधब्याच्या शिबिरात नाव घातलं. आपला तो हलका हार्नेस घालून उतरताना ती धबधब्यावरून पडली, कंबर आणि डावा पाय मोडला. आपल्या कंपनीने लिहून दिलं की तिने बकल नीट लावलं नव्हतं. खाली सही तुझी आहे.

परवा मी तिला भेटायला हॉस्पिटलमध्ये गेले. तुझी बायको म्हणून ओळख दिली तर तिच्या आईने खुर्ची पुसून दिली. स्वराली मला म्हणाली, "मॅडम, सरांना सांगा सॉरी. पण मला नीट आठवतंय, मी बकल दोनदा ओढून बघितलं होतं. सरांनीच लेक्चरमध्ये सांगितलं होतं ना तसं. तरी माझंच काहीतरी चुकलं असेल." सलिल, ती पोरगी तुझ्यावर इतका विश्वास ठेवते की तुझ्या शब्दाखातर स्वतःच्या आठवणीवर संशय घेते आहे. मी तशीच शिबिरवाल्यांकडे गेले आणि तिचा हार्नेस पाहिला. बकल जसंच्या तसं लागलेलं आहे. कमरेची शिवण उसवली आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

मग आज कारखान्यात जाऊन मी त्या हार्नेसचं पॅकिंग बंद केलं. गेलेला माल परत मागवला, प्रत्येक शिबिराला मी स्वतः फोन केला. तुझ्या लोकांनी तुला कळवलं असेलच, कारण संध्याकाळपासून तुझे फोन येताहेत. मी एकही उचलला नाही. त्याचं कारण भांडण नाही. तू बोलायला लागलास की मला पटतं. माझं लग्न, माझी सोडलेली नोकरी, सगळं तुझ्या बोलण्यावर झालं आणि त्याचा मला पस्तावा नाही. पण या वेळी मला पटवून घ्यायचं नाही.

म्हणून हे पत्र टेबलावर ठेवून मी बाबांकडे जाते आहे. तू उद्या सकाळच्या विमानाने येशील, तेव्हा मी स्वरालीच्या खोलीबाहेर बसलेली असेन. दुपारी मी पोलिसांकडे जाऊन जे पाहिलं ते सांगणार आहे. तू अडवू शकणार नाहीस, आणि तू अडवशील असं मला खरंच वाटतही नाही. कंपनी राहील की बुडेल, मला ठाऊक नाही. दुपारपर्यंत मी थांबते आहे ते फक्त तुझ्यासाठी. तिची चूक नव्हती, हे तिला उद्या कळणारच आहे. ते तिला माझ्याकडून कळू नये, तुझ्या तोंडून कळावं, एवढ्यासाठी लिहिलं. वकिलांना आणू नकोस. एकटा ये.

तुझीच, आणि म्हणूनच एवढी चिडलेली,
मैत्री