संकष्टीला धरलेले मासे

बोरी, रविवार, ३० मार्च १९७५

गळाची स्पर्धा झाली. पण तारीख मी ठरवलेली, आणि आज संकष्टी निघाली. आम्हा बौद्धांच्या घरात तिथी कोण बघतं?

तरीही गावातली शेतकरी मंडळी आली. पहिला नंबर किशनरावांचा. म्हणाले, "उपास तोंडाला हाय, गळाला न्हाई."

सगळ्यांच्या माशांचा रस्सा आमच्या वस्तीत शिजला, जेवायला मात्र आमीच. खरंच उपास, की आमचं पातेलं आडवं आलं?

निघताना किशनरावच म्हणाले, "डब्यात द्या, उद्या खातो." आमचाच कल्हईचा डबा दिला.

खातील? की कुत्र्यापुढं... सारखा तो डबाच डोळ्यांपुढं येतोय. गावात शेजाऱ्याचा डबा रिकामा परत धाडत नाहीत. आमी शेजारी आहोत का, ते डबा परत आल्यावर झाकण उघडलं की कळेल.