समोरच्या दोरीवरचा सदरा

लोरेदाना, तुझी कंबर आता कशी आहे? जावईबापूंचा खोकला थांबला का? आपल्या इमारतीची राखणदार नीवेस, तिचा गुडघा अजून कुरकुरतोच. माझं विचाराल तर छाती भात्यासारखी वाजते, पण डोकं शाबूत आहे. म्हणून मी, ग्वाल्तिएरो बोझिओ, ट्रामचे डबे रंगवता रंगवता आपला आपण चित्रकार झालेला, हे मृत्युपत्र राजीखुशीने, स्वहस्ते लिहीत आहे.

१. राहतं घर, खिडकीतल्या खुर्चीसकट, भाची लोरेदाना हिला. ब्रशही तिलाच. धुऊन ठेव गं, मला कधी जमलं नाही.

२. "माणसं काढून टाका बोझिओ, रिकामे रस्ते खपतात," म्हणणाऱ्या गॅलरीवाल्याला काहीही देऊ नये. चहासुद्धा नाही, कॉफी तर लांबच.

३. आता मोठं चित्र. (मध्येच उठून खिडकीशी जाऊन आलो. बसवतच नाही.) आपल्या इमारतीचा चौक, कठडे, भेगा, वाळत घातलेले कपडे, जसंच्या तसं. ते दारातल्या भिंतीवर लावायचं सोसायटीने ठरवलं. त्याच संध्याकाळी समोरच्या ओत्ताविया मेर्लो वर आल्या.

"अहो बोझिओ, माझी दोरी पुसा. चौकात कपडे वाळत घालायला बंदी आहे, सभेत दंड लावतील!"

"बाई, दोऱ्या सगळ्यांच्याच आहेत."

"मग तो निळा सदरा तेवढा पुसा."

सदरा रेमोचा, त्यांच्या नवऱ्याचा. तो जाऊन दोन वर्षं झाली. बाई अजून दर सोमवारी सदरा धुतात.

"लोक म्हणतील, म्हातारीला वेड लागलं."

"मी दिसतं ते काढतो."

"मग बघू नका ना, दाढीवाले!"

दार आपटलं. तेव्हापासून त्यांच्याकडून दर रविवारी येणारी पोलेंताची, म्हणजे मक्याच्या घट्ट पिठल्याची, ताटली बंद.

तरी सदरा माझ्याने पुसवत नाही. धुऊन धुऊन विटलेला तो निळा किती दिवस कालवला तेव्हा कुठे साधला. म्हणून चित्र सोसायटीला न देता ओत्तावियाबाईंना द्यावं, सोबत भिंतीच्या पिवळ्या रंगाची डबी. सदरा झाकायचा तर त्यांनीच, त्यांच्या हाताने. दुसऱ्या कोणी चित्राला हात लावू नये.

साक्षीदार (मजकूर न वाचता, फक्त सहीपुरते):
एर्मेस बाल्दी, न्हावी
नीवेस सार्तोरी, राखणदार

ग्वाल्तिएरो बोझिओ
तुरिन, सोमवार, १२ ऑक्टोबर १९९८

ओत्तावियाबाई, याची एक प्रत आज तुमच्या दाराखालून सरकवतो. माझ्या मरणाची वाट पाहू नका. चित्र घेणार की नाही, एवढंच चिठ्ठीवर लिहा. चौकातून ओरडू नका, नीवेसला ऐकू जाईल. मला चैन नाही. लवकर लिहा.